पांढरा दोरा

इन्व्हर्नेस,
३ ऑक्टोबर १९८३

इव्हर,

सोबतच्या खोक्यात तुझी किल्ट आहे. "मी मागवलीच नव्हती," असं तू म्हणणार, म्हणून आधीच सांगते. मागवली नेटाने. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, स्वतःच्या दुखण्याची कुणाला कुणकुणही लागू न देता, तिने मला तुझी मापं पाठवली. पहिल्यांदा पँटवरून घेतली होती, ती मी परत पाठवली. मग तू कोचावर घोरत असताना तिने सुतळीने पुन्हा घेतली. तुमच्या लग्नाला तीस वर्षं होतील त्या दिवशी तुला द्यायची होती तिला. तो दिवस आला तेव्हा ती नव्हती, आणि किल्टही झाली नव्हती. उशीर माझ्याकडून झाला. कामं फार होती.

आठ वार लोकरी कापड आहे, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. हिरव्या-निळ्या चौकड्यात लाल रेघ, म्हणजे तुमच्या गन घराण्याची. सपाट बाजू पुढे, निऱ्या मागे. हे तुला ठाऊक असेलच, पण तुझ्याबाबतीत मी काही गृहीत धरत नाही. गुडघ्यांवर बसलास की काठ जमिनीला टेकता टेकता राहिला पाहिजे.

आपलं फारसं कधी जमलं नाही. माझ्या एकुलत्या एका बहिणीला तू त्या वाऱ्याच्या गावाला घेऊन गेलास, ते मला आवडलं नव्हतं आणि मी ते लपवलंही नव्हतं. पण आता ती नाही आणि किल्ट आहे. तेव्हा ती घाल. कपाटात टांगायला मी निऱ्या बसवत नाही. रस्त्यावर घाल, आणि घातलीस की कळव.

युफेमिया लॉरी

—

विक,
११ ऑक्टोबर १९८३

प्रिय एफी,

खोकं पोचलं. दोन दिवस ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसंच होतं. मी त्याच्या बाजूला ताटली सरकवून जेवत होतो. काल उघडलं. कापडाला वजन आहे. इतकं वजन असेल असं वाटलं नव्हतं.

नेटाने मला काहीच सांगितलं नव्हतं. सुतळीचंही नाही. लग्नात मी तपकिरी सूट घातला होता, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर दर वर्षी नववर्षाच्या नाचाआधी ती म्हणायची, "इव्हर, एकदा किल्ट घालून माझ्याबरोबर नाच." आणि मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." एकोणतीस वेळा म्हणालो असेन. आता लिहिताना लाज वाटते.

पण एक सांगतो, इथे विकमध्ये किल्ट घालणारी माणसं दोनच, एक बँडमधला आणि एक जहागीरदार. मी चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली. माझ्या नखांतलं तेल अजून गेलेलं नाही. असा माणूस किल्ट घालून निघाला, तर बंदरावर काय होईल ते तुम्हाला इन्व्हर्नेसमध्ये बसून कळायचं नाही.

खोक्यात एक मोठी पिनही आहे. ती कुठे लावायची? दोन्ही पदरांतून की एका? काठापासून किती वर? आडवी की उभी? गंजू नये म्हणून तिला तेल द्यायचं का? पट्ट्याची बक्कलं दोन उजवीकडे आणि एक डावीकडे, असं का? मोजे गुडघ्याच्या किती खाली? कृपया सविस्तर लिहा.

इव्हर गन

—

इन्व्हर्नेस,
२० ऑक्टोबर १९८३

इव्हर,

पिन फक्त वरच्या पदरातून, उभी, काठापासून चार बोटं वर. दोन्ही पदरांतून घातलीस तर कापड ओढलं जाईल आणि तू तिरका दिसशील. तेल देऊ नकोस, ती पिन आहे, इंजिन नाही. बक्कलं जशी आहेत तशीच असतात. मोजे गुडघ्याच्या तीन बोटं खाली. झालं सविस्तर?

बाकी तुझ्या पत्रात सबबींशिवाय काही नाही. बंदरावरचे लोक हसतील म्हणे. हसले तर हसले. माझ्या दुकानात पन्नास वर्षांत किती पुरुष आरशासमोर उभे राहून असेच घामाघूम झालेले पाहिलेत मी. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं की गाव आपल्याकडेच बघतंय. गावाला तेवढा वेळ नसतो.

दुकानाची पाटी मी उन्हाळ्यात उतरवली. वय झालं. आता दिवस मोठे वाटतात. खिडकीत बसते, नदीचा आवाज येतो. टपालवाल्याची वाट बघायला एक कारण असलं तर बरं, म्हणून लौकर घाल आणि लौकर लिही.

आणि मला एफी फक्त नेटाच म्हणायची. तू युफेमिया म्हण.

युफेमिया लॉरी

—

विक,
८ नोव्हेंबर १९८३

प्रिय युफेमिया,

घातली! शनिवारी सकाळी, भर अकरा वाजता, घरापासून टपाल कचेरीपर्यंत आणि तिथून बंदरावर. पिन वरच्या पदरातून, मोजे तीन बोटं खाली, सगळं तुम्ही सांगितलं तसं.

वारा उत्तरेचा होता. मागे निऱ्या अशा फडफडत होत्या की शेजारच्या मिसेस मोवॅटच्या दोरीवरच्या चादरी बऱ्या. टपाल कचेरीतली मुलगी म्हणाली, "मिस्टर गन, तुम्ही तर ओळखूच आला नाहीत." बंदरावर डॉड ब्रेम्नर आणि त्याची मंडळी जाळी सारखी करत बसली होती. डॉडला तुम्ही ओळखत नाही. त्याच्या तोंडातून सुटलेला माणूस या गावात नाही. तो म्हणाला, "काय इव्हर, राणी येणार आहे वाटतं चहाला?" मी म्हणालो, "येऊन गेली. तुला विचारत होती." सगळे हसले. डॉडसुद्धा हसला.

तुमचं म्हणणं खरं होतं. पहिली दहा पावलं अवघड, मग काही नाही. आता रोज घातली तरी चालेल. नेटाला आवडलं असतं.

तेव्हा हे काम झालं असं समजा. तुमची तब्येत कशी आहे? तुमच्या पत्रातल्या ओळी या वेळी उजवीकडे खाली उतरत गेल्या होत्या. हातात काही दुखणं आहे का?

इव्हर

—

इन्व्हर्नेस,
१५ नोव्हेंबर १९८३

इव्हर,

फडफडत होत्या म्हणतोस.

माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक किल्टच्या निऱ्या पांढऱ्या दोऱ्याने टाचलेल्या असतात. खाली तीन आडव्या ओळी, कच्चे टाके. प्रवासात घडी मोडू नये म्हणून. घालण्याआधी ते उसवायचे असतात. ज्याने एकदा तरी नवी किल्ट घातली आहे त्याला हे ठाऊक असतं. तुला नाही, कारण तू कधी घातलीच नाहीस. ते टाके असताना निऱ्या कुठल्याही वाऱ्यात फडफडत नाहीत. पाय बांधलेल्या कोंबडीसारखं चालावं लागतं. आणि तसाच गेला असतास, तर तुझा तो डॉड चहाचं बोलला नसता. तुझ्या मागच्या तीन पांढऱ्या ओळींवर बोलला असता, आणि वर्षभर बोलत राहिला असता.

आता तू म्हणशील की टाके मी काढले होते. एका पिनेवर पाच प्रश्न विचारणारा माणूस तीन ओळी दोरा बघून गप्प बसला, हे मला पटत नाही.

मला राग तू घातली नाहीस याचा नाही. तीस वर्षं तू नेटाला "पुढच्या वर्षी" म्हणालास, पण निदान तिच्याशी खोटं बोलला नाहीस. मग माझ्याशी का? मी इथे ते पत्र दोनदा वाचलं. एकटीच हसले. आता मी मूर्ख ठरले.

माझा हात बरा आहे.

युफेमिया लॉरी

—

विक,
११ डिसेंबर १९८३

प्रिय युफेमिया,

पितळ उघडं पडलं. महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळेना.

खरं ते सांगतो. त्या शनिवारी मी किल्ट हातात घेतली, अंगाला लावून पाहिली आणि परत ठेवली. पँट घालून टपाल कचेरीत गेलो. वाटेत प्रत्येक ठिकाणी मनाशी म्हणत होतो, इथे अमुक भेटला असता, तो तमुक म्हणाला असता. डॉडला दिलेलं उत्तर घरी बसून जुळवलं. त्याला दोन दिवस लागले.

आता दुसरं. हे मी नेटालाही सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचा असताना मला एक किल्ट मिळाली होती. पाद्रीबाईंनी वरच्या बंगल्यातून जुने कपडे आणून गावात वाटले, त्यात ती होती. आईने ती धुऊन, दाबून, मला घालून शाळेच्या बक्षीस समारंभाला नेलं. मला वाचनाचं बक्षीस होतं. मी मंचावर चढलो तेव्हा पुढच्या रांगेतून जहागीरदाराचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "ती माझी आहे. तिच्या आत माझं नाव लिहिलंय." ते खरंच होतं. लोक हसले. मास्तरही हसले. खाली आलो तर एक म्हातारा वडलांना ऐकवत होता, "अरे, तुझ्या बापाला ओळखत होतो मी. त्याच्या घरात किल्ट कुठली आली?" वडील मान खाली घालून उभे होते. माझं काय झालं ते सोडा. वडलांची ती मान मला आजही दिसते. तेव्हापासून किल्ट म्हटलं की वाटतं, कुणीतरी उठून म्हणेल, ही तुझी नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी टाके उसवले. नेटाच्या छोट्या कात्रीने, एकेक. पांढरा दोरा काडेपेटीवर गुंडाळून ठेवला आहे. किल्ट घातली. दाराची कडी काढली, आणि परत लावली. घरात आरसा एकच आहे, दाढीचा. त्यात मागचं काही दिसत नाही. पूर्वी बाहेर जाताना नेटा पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "जा, ठीक आहेस." आता मागून कसा दिसतो हे सांगणारं घरात कुणी नाही. म्हणून मी ती काढून टेबलावर पसरली आणि दिव्याखाली नीट बघितली.

तेव्हा एक गोष्ट दिसली. ती लिहावी की नाही याचा विचार करण्यातच निम्मा महिना गेला. मी यंत्रांवर काम केलेला माणूस आहे. रेघ सरळ आहे की नाही ते मला कळतं. तेवीस निऱ्यांवर लाल रेघ रुळासारखी जाते. शेवटच्या चार निऱ्यांवर ती चुकली आहे. एकीत वर, दुसरीत खाली. नेटा म्हणायची, एफीच्या हातची रेघ चुकली तर सूर्य पश्चिमेला उगवेल. मग या चार निऱ्या अशा का? माणूस तुमच्या नावडीचा, म्हणून शेवटी कंटाळलात? तसं असेल तर मी समजू शकतो. पण किल्ट नेटाने मागवली होती.

तुम्ही मला खोटारडा म्हणालात. मी होतो. पण तुम्हीही लिहिलं होतं, कामं फार होती म्हणून.

इव्हर

—

इन्व्हर्नेस,
१९ जानेवारी १९८४

इव्हर,

हे अक्षर माझं नाही. वरच्या मजल्यावरच्या मिसेस टुलॉक लिहितायत. मी सांगते तसं लिहायचं, सुधारायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. त्या मान हलवतायत.

मी कंटाळले नव्हते. मला दिसत नव्हतं.

मधोमध एक करडा डाग आला आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेने थोडं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, थांबणार नाही. हे झालं नेटाची मापं आली त्याच महिन्यात. मी तिला सांगितलं नाही. तिने तिचं दुखणं मला सांगितलं नाही. आम्ही दोघी बहिणी अशा.

ती गेल्याची तार आली तेव्हा तुझी किल्ट निम्मी झाली होती. दुसऱ्या कुणाची असती तर मी परत केली असती. तुझी करता येईना. एकेक निरी बसवायला आठवडा लागायचा. खिडकीच्या उजेडात मान वाकडी करून कडेच्या नजरेने रेघ शोधायची. तेवीस तशाच झाल्या. मग तेही जमेना. शेवटच्या चार बोटांनी चाचपून बसवल्या. लाल रेघ बोटांना लागत नाही रे. सूत सगळं सारखंच असतं. मला वाटलं, इव्हरला काय कळणार.

तुला कळलं. पन्नास वर्षांत माझ्या हातून चुकलेल्या चारच निऱ्या, आणि त्या पकडल्या एका इंजिनवाल्याने. आधी मला फार राग आला. मिसेस टुलॉकनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि त्या ओळीवर त्या अडखळल्या. पण मग तुझ्या त्या बक्षिसाच्या गोष्टीपाशी आल्या, आणि मी त्यांना म्हटलं, आज पुरे.

ती किल्ट तुझी आहे, इव्हर. आत कुणाचं नाव लिहिलेलं नाही. तुझ्या मापाची, तुझ्या बायकोने मागवलेली. कुणी उठून काही म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठव.

पण त्या चार निऱ्या तशाच राहू देऊ नकोस. इथे एक चांगली मुलगी आहे, माझ्या हाताखाली शिकलेली. किल्ट पाठव, ती उसवून नीट करेल. मी करू शकले नाही याचं मला वाईट वाटतं.

युफेमिया

—

विक,
३१ जानेवारी १९८४

प्रिय युफेमिया,

किल्ट टपालाने पाठवत नाही. शनिवारी, ४ तारखेला, पहाटेच्या गाडीने येतो. घालून येतो.

इव्हर

—

विक,
७ फेब्रुवारी १९८४

मिसेस टुलॉक, हे पत्र तुम्ही वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. मध्येच थांबू नका आणि काही गाळू नका, एवढी विनंती. मला जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कुणासमोर बोलायची मला सवय नाही. पण शनिवारपासून एका गोष्टीची भीड चेपली आहे, तर हीही चेपेल.

प्रिय एफी,

एफी म्हणायचं असं शनिवारी निघताना तुम्हीच सांगितलंत, तेव्हा आता माघार नाही.

घरातून स्टेशनवर कसा गेलो ते तुम्हाला सांगायचं राहिलं. खरं सांगतो, या वेळी काही जुळवलेलं नाही. कडी काढली. बाहेर अंधार आणि पाऊस, कुणी नव्हतं. गुडघ्यांना थंडी अशी लागली की माझ्या अंगाला गुडघे आहेत हे साठाव्या वर्षी कळलं. वाटलं, अंधारातच गाडीत बसावं म्हणजे सुटलो. पण स्टेशनवर दिवे होते, आणि दिव्याखाली डॉड ब्रेम्नर खेकड्यांच्या पेट्या चढवत उभा होता. तो राणीबद्दल काही बोलला नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "इव्हर, कुणी गेलं का?"

इथे माणूस नटला की लग्न नाहीतर मयत, तेवढंच लोकांना माहीत. मी म्हणालो, "हो. नेटा."

तो म्हणाला, "अरे, तिला सव्वा वर्ष झालं."

मी म्हणालो, "हो. मला उशीर झाला."

डॉडने टोपी काढली. मग म्हणाला, "वळ बघू." मी फलाटावर, पावसात, त्याच्याकडे पाठ केली. त्याने वाकून काठ बघितला. मग म्हणाला, "चांगली बसलीय. तुझ्या बापाला ओळखत होतो मी. त्याचे पाय असे नव्हते." आणि पेट्या उचलायला गेला. चार निऱ्या त्याला दिसल्या नाहीत.

गाडीत साडेचार तास होतो. दोन बायका समोर बसून विणकाम करत होत्या. एक पर्यटक डब्यात आला, त्याने माझा फोटो काढला. मी उठलो नाही, पायांवर कोटही घेतला नाही. बस, एवढंच झालं. तुम्ही म्हणाला होतात तसं, गावाला वेळ नसतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण सगळं नाही. तुम्ही खुर्चीत बसून मला पाठमोरा उभा केलंत आणि निऱ्या मोजायला लागलात. बोटांनी, एकेक. एक, दोन, तीन. मध्येच तुम्ही विचारलंत, "खिडकीतून काय बघतोस?" मी म्हणालो, "नदी." मी नदी बघत नव्हतो. नेटाला मी शेवटचं उचललं होतं ते दवाखान्यात, उशी नीट करायला. त्यानंतर, एफी, लोकांनी माझ्याशी हात मिळवले, पण कुणी मला हात लावला नव्हता. पंधरा महिने. हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही अकरा म्हणालात आणि मला ते कळलं. म्हणून मी मान वळवली नाही.

तेवीसपर्यंत तुम्ही भराभर आलात. मग हात थांबला. चोविसावीवर तुम्ही इतका वेळ बोट ठेवलंत की मला वाटलं, रडताय. तुम्ही म्हणालात, "ही त्या मुलीकडे देऊन जा." मी हो म्हणालो आणि दिली नाही, हे तुमच्या आतापर्यंत लक्षात आलंच असेल. नाही म्हटलं असतं तर तुम्ही वाद घातला असता, आणि वादात मी तुमच्याकडून जिंकत नाही. ही माझी दुसरी लबाडी, आणि शेवटची.

त्या चार निऱ्या मी उसवू देणार नाही. तेवीस निऱ्या कुणीही चांगली कारागीर करेल. त्या चार बसवताना तुम्हाला काही दिसत नव्हतं, तरी तुम्ही थांबला नाहीत. मला कडी काढायला त्या पुरतात.

पांढरा दोरा काडेपेटीवर तसाच आहे. तो टाकवत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, ३ मार्चला, येतो. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तुमची हरकत नसेल तर. किल्ट घालूनच येईन. इतका प्रवास करून निऱ्या हलतात, एखादी उसवली असेल, मला मागचं दिसत नाही. तेव्हा दर वेळी मोजून घ्यायला लागतील.

परतीची गाडी साडेपाचची असते. सावकाश मोजा.

इव्हर